मदत हवी आहे: बंद पडलेला सहकारी चिकन प्रकल्प लिलावात घेतला, आता आधुनिकीकरणाला पैसा कसा उभा करू?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते. चुलत भाऊ आणि मी मिळून अकरा वर्षं तुर्भे, महापे, रबाळे पट्ट्यातल्या कॅन्टीनना आणि हॉटेलांना चिकन पुरवतो. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवट मिळतो.

मुरबाड तालुक्यात कुक्कुटपालकांच्या एका सहकारी संस्थेचा ड्रेसिंग प्लांट, म्हणजे पक्षी कापून साफ करायचा कारखाना, होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद. आमच्या घरचे दोन शेड त्याच प्लांटच्या भरवशावर उभे राहिले. पुढे संस्था कर्जात गेली, ती गुंडाळायला अवसायक नेमले गेले आणि सहा वर्षं प्लांटला कुलूप होतं. मागच्या दिवाळीआधी लिलाव झाला. आम्ही दोघांनी खासगी कंपनी काढून 2 कोटी 70 लाखांना तो घेतला. त्यासाठी ऐरोलीतला गाळा विकला, बचत मोडली आणि राहिलेले 80 लाख नातेवाइकांकडून उसने घेतले.

आत काय आहे ते सांगते. इमारत दणकट आहे. जुनी लाइन तासाला 300 पक्ष्यांची. पिसं काढायचं यंत्र गंजलंय, पाण्याची थंड टाकी गळते, ब्लास्ट फ्रीझरचा कॉम्प्रेसर कुणीतरी काढून नेलाय. सांडपाणी प्रक्रियेच्या नावाखाली एक खड्डा आहे. आम्हाला तासाला 1000 पक्ष्यांची लाइन, उणे 18 अंशाचं शीतगृह, खरीखुरी सांडपाणी यंत्रणा आणि दोन रेफर (आतून थंड ठेवणाऱ्या) गाड्या हव्यात. कोटेशनं जमवली, सगळं मिळून 5 कोटी 80 लाख होतात.

पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीबद्दल वाचलं. 2020 मध्ये 15,000 कोटींनी सुरू झालेली योजना, पुढे 2024 मध्ये 29,610 कोटींची केली. मांस प्रक्रिया बसते, खासगी कंपनी चालते, व्याजात 3 टक्के सवलत, परतफेड आठ वर्षं आणि त्यातली पहिली दोन सुटीची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने पदरचे 10 टक्के घातले तरी चालतं. वाचून खूप धीर आला होता. पण ठाण्यातल्या ज्या बँकेत आमचं खातं आहे तिथले साहेब म्हणतात, नियमात काहीही असो, नवीन कंपनी आणि बंद पडलेला प्रकल्प असेल तर आम्ही 35 टक्के मार्जिन (पदरचा पैसा) आणि वर घराचं तारण मागणार. दुसरी बँक प्लांट बघायला आली, सांडपाण्याचा आकडा बघून म्हणाली, एवढा पैसा कमाई न देणाऱ्या गोष्टीत कशाला? ती यंत्रणा नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मिळणार नाही आणि संमतीशिवाय एक पक्षीही कापता येणार नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

हप्त्यांचीही चिंता आहे. आमचा धंदा महिन्यामहिन्याला सारखा नसतो. गटारीच्या आठवड्यात गाड्या कमी पडतात आणि श्रावण लागला की निम्मा माल फिरतो. नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, तेव्हाही तेच. बँकेच्या तक्त्यात मात्र बारा महिने एकच आकडा.

आणि ज्या गोष्टीने झोप लागत नाही ती ही. प्लांटला पक्षी देणारे जुने 38 कुक्कुटपालक अजून त्याच गावांत आहेत. संस्थेने त्यांचे पैसे बुडवले. काहींनी शेडमध्ये शेळ्या बांधल्या, काही खासगी कंपन्यांशी करार करून किलोमागे मजुरीवर पक्षी वाढवतात. अण्णांच्या ओळखीमुळे 22 जण आमच्याकडे यायला तयार आहेत, पण पहिल्या लॉटची पिल्लं आणि खाद्य आम्ही द्यावं ही त्यांची अट आहे. ती रास्त आहे. मका आणि सोयाबीनचे भाव बघता एका लॉटलाच मोठी रक्कम अडकते आणि पक्षी तयार व्हायला चाळीसेक दिवस लागतात. प्रकल्प अहवाल करून देणाऱ्याने हा खर्च धरलाच नाही. म्हणाला, आधी यंत्रं येऊ द्या, शेतकऱ्यांचं नंतर बघू. मला हे पटत नाही. पक्षी नसले तर ती लाइन नुसतं लोखंड आहे.

माझे प्रश्न: प्लांट विकत घेताना घातलेले 2 कोटी 70 लाख आमचं मार्जिन म्हणून धरायला बँकेला सांगता येतं का? सगळं एकदम करावं की टप्प्याटप्प्याने? शेतकऱ्यांच्या लॉटसाठी पैसा कुठून आणावा? आणि घर तारण न ठेवता हे होऊ शकतं का? घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि या वयात त्यांना त्यात ओढायचं नाही.

डोंबिवलीचा सीए:

ताई, पहिलं उत्तर नाही असं आहे. या योजनेत जमिनीची किंमत आणि खेळतं भांडवल प्रकल्पखर्चात धरत नाहीत, त्यामुळे तुम्ही घातलेली रक्कम मार्जिनमध्ये दाखवता येणार नाही. पण ती वाया गेलेली नाही. बोजा नसलेली जमीन-इमारत तारणात देता येते, तेव्हा तिचं मूल्यांकन स्वतंत्रपणे करून घ्या आणि घराचा विषय तिथेच संपवा. शिवाय कर्जहमीही आहे. सीजीटीएमएसई, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट, त्याची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी झाली. या निधीची स्वतःची हमीही आहे, कर्जाच्या 25 टक्क्यांपर्यंतची. दोन्हींपैकी कुठली लागू करणार ते बँकेकडून लेखी घ्या. या योजनेची मुदत 2025-26 पर्यंत ठरली होती, तेव्हा ती अजून चालू आहे का ते आधी बघा आणि असेल तर अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर लगेच टाका.

एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. ताजं किंवा थंड केलेलं चिकन जीएसटीमुक्त आहे. विक्री करमुक्त असली की यंत्रांवर भरलेला 18 टक्के कर परत मिळत नाही. तुमची कोटेशनं करासह आहेत की कराशिवाय, ते आजच बघा. कराशिवाय असतील तर 5 कोटी 80 लाखांचा आकडा खरा नाही.

जुना बँकवाला:

मी बत्तीस वर्षं कर्जविभागात होतो. 35 टक्के मागणाऱ्या साहेबांना दोष देऊ नका, त्यांना कागद कमी पडले असतील. आधी सातबारा बघा. सहकारी संस्थांना बऱ्याचदा सरकारी जमीन सवलतीत मिळालेली असते. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकताही येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही, वर नजराणा भरावा लागतो. लिलाव झाला म्हणजे हे आपोआप सुटलं असं समजू नका.

दुसरं, संस्थेच्या कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी थकलाय का? कायद्याने आस्थापना घेणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. विजेच्या थकबाकीचंही तसंच, सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये नव्या मालकाकडून वसुलीला वाट ठेवली आहे. अवसायकांकडून दोन्हींची लेखी स्थिती घ्या.

हप्त्यांचं म्हणाल तर मागा म्हणजे मिळेल. गेल्या तीन वर्षांचे तुमच्या पुरवठ्याचे महिनावार आकडे जोडा आणि श्रावण-भाद्रपदात फक्त व्याज, बाकीच्या महिन्यांत मोठा हप्ता, असा तक्ता स्वतः करून द्या. पण एक प्रश्न ते नक्की विचारतील. फेब्रुवारी 2022 मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात, वेहळोलीला, बर्ड फ्लू निघाला होता. पुन्हा तसं झालं आणि दोन महिने पक्षी आले नाहीत तर हप्ता कुठून भराल? त्याचं उत्तर अहवालात असू द्या.

खाडीकाठ:

कामानिमित्त काही वर्षं पोलंडमध्ये होतो, म्हणून लिहितो. तिथे 1989 नंतर सरकारी मांस कारखाने खासगी झाले तेव्हा अडचणी अगदी तुमच्यासारख्याच होत्या, जुनी यंत्रं आणि तुटलेले शेतकरी. आनिमेक्ससारख्या मोठ्या समूहाला 1999 मध्ये अमेरिकेची स्मिथफिल्ड मिळाली. लहान कारखान्यांना असा धनी कुठून मिळणार? त्यांच्यासाठी युरोपीय संघाने सापार्ड नावाचं अनुदान आणलं, 2004 च्या प्रवेशाआधी स्वच्छतेचे निकष गाठता यावेत म्हणून. पण ते अनुदान काम पूर्ण झाल्यावर, बिलं दाखवल्यावर मिळायचं. तोवरचा पैसा स्वतःचा किंवा कर्जाचा. तुम्ही ज्या ज्या योजनेला हात घालाल तिचा पैसा नेमका कधी हातात येतो, हे आधी विचारा.

शेतकऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. मुदत कर्ज आणि खेळतं भांडवल एकाच बँकेकडून, एकाच मंजुरीत मागा. यंत्रं आली आणि सीसी (खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट) मंजूर नाही, तर सगळं तिथेच अडकतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रजा टाकून मुरबाडला गेले होते. सातबारा काढला. पाच एकरांपैकी प्लांट उभा आहे ती सव्वा एकर वर्ग 1, संस्थेने विकत घेतलेली. उरलेली, जिथे सांडपाण्याची यंत्रणा करायची होती, ती वर्ग 2 निघाली. जुन्या बँकवाल्या काका, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तिथे खोदकाम सुरू केलं असतं. आता आराखडा बदलून सगळं सव्वा एकरातच बसवायला अभियंत्याला सांगितलंय. गाड्यांची फिरायची जागा कमी होईल, पण जमेल.

कोटेशनं कराशिवायचीच होती. सीए दादा, तुमचा संशय खरा ठरला. म्हणून ठरवलंय की पहिल्या टप्प्यात तासाला 500 ची लाइन, सांडपाणी आणि एक शीतखोली एवढंच. गाड्या भाड्याने. त्यातून जे वाचेल त्यातून 22 पैकी पहिल्या 8 जणांचा लॉट आमच्याच पैशाने टाकू. आठ शेडांची पावती-पुस्तकं असली की सीसी मागताना दाखवायला काहीतरी हातात असेल.

भविष्यनिर्वाह निधीचं मात्र वाईट निघालं. जुन्या 14 कामगारांचे तीन वर्षांचे पैसे भरलेच नव्हते. त्यातले दोघं काल गेटवर भेटले, म्हणाले, ताई, काम सुरू करा, आमचं नंतर बघा. मला ते नंतरवर ढकलायचं नाही. असे पैसे भागवताना हप्ते पाडून घेता येतात का, हे कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा. सोमवारी अवसायकांकडे जायचंय.