ग्रिपला तेल नको, अल्कोहोल वापरा

सायकलच्या हँडलबारवर नवी रबरी ग्रिप (मूठ) चढवायला इथं एकांनी खोबरेल तेलाचं बोट फिरवून सरकवायचा सल्ला दिलाय. भाऊ, ते नका करू. ग्रिप चढेल आरामात, पण तेल काही उडून जात नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर ब्रेक दाबताना ती हातात फिरली, की मग समजते! साबणाचं पाणीही तसंच, पहिल्या पावसात पुन्हा घसरण सुरू.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यात बहुतेकदा ग्लिसरीन असतं. ब्रेक आणि गिअरचे लिव्हर सैल करून आत सरकवा, हँडलबार पुसून कोरडा करा. ग्रिपचं एक तोंड अंगठ्याने बंद करून आत थोडं अल्कोहोल ओता, खळखळवा, उरलेलं बारवर सोडा आणि एका दमात ढकला. मधे थांबलात तर तिथंच अडकते. अडकलीच तर ग्रिपच्या कडेखाली चाकाचा स्पोक (तार) हळूच घालून अल्कोहोलचे दोन थेंब सोडा. टोकदार स्क्रूड्रायव्हर घालू नका, कार्बनच्या बारवर तर मुळीच नाही, ओरखडा पडतो.

नागपूरच्या मे महिन्यात अल्कोहोल बघताबघता उडतं, म्हणून सकाळी लवकर बसवा. आणि जवळ बिडी-सिगारेट नको, बाप्पा.

रात्रभर वाळू द्या. सकाळी जोरात पिळून बघा, जरा जरी फिरली तरी सायकल बाहेर काढू नका. माउंटन बाइकच्या बारचा ग्रिपकडचा व्यास सहसा २२.२ मिमी असतो, त्याच मापाची ग्रिप घ्या. टोकाची बुचं मात्र विसरू नका, पडलात तर उघडा पाइप पोटात घुसतो.