मदत हवी आहे: लांजा-राजापूरकडे शेतजमीन घ्यायची आहे, एजंट कसा निवडावा?

माणदेशी_सून

नमस्कार मंडळी,

लांजा किंवा राजापूर तालुक्यात वीस-तीस गुंठे जमीन घ्यायचं आमच्या डोक्यात आहे. थोडी काजू-आंब्याची कलमं लावायची, पुढेमागे एक छोटं कौलारू घर. राहायला आम्ही पुण्यात. नवऱ्याचं गाव माण तालुक्यात, तिथल्या सातबाऱ्यावर वारसाने त्याचं नाव लागलेलं आहे, त्यामुळे 'शेतकरी आहात का' हा प्रश्न मिटलेला आहे. अडलंय ते पुढे. कोकणात नात्यागोत्यातलं कुणी नाही आणि जमीन बघायची म्हटलं की सगळं गाडं एजंटापाशी येऊन थांबतं.

सध्या दोघांशी बोलणं चालू आहे आणि दोघं अगदी दोन टोकांची. एकाचं शहरात चकाचक ऑफिस. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रोनचे व्हिडिओ, कार्डावर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा) नंबर, बोलणं गोड. "विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का?" विचारलं, तर साहेबांनी आमच्यासमोरच गावातल्या कुणालातरी फोन लावला. म्हणजे जागा त्यांनीही पाहिलेली नाही.

दुसरे काका गावातलेच. किराणा दुकान आहे आणि जोडीला हे काम. त्यांनी आम्हाला सड्यावरून चालवत नेलं, हातातल्या काठीने "त्या उंबरापासून खालच्या गडग्यापर्यंत" अशी हद्द दाखवली आणि मध्येच थांबून वरच्या शेताकडे बोट करून म्हणाले, "पावसात याचं सगळं पाणी तुमच्यात उतरणार, तेवढा चर मारून घ्यावा लागेल." विकायला आलेला माणूस जागेतली खोट स्वतःहून सांगतो, हे मला फार आवडलं. पण गट नंबर मागितला की काका गप्प. "आधी पसंत पडू दे, मग कागद." पसंत आहे म्हटलं, तर "एक लाख टोकन द्या, म्हणजे मालक दुसऱ्याशी बोलणार नाही."

तर विचारायचं असं: एजंट नक्की कुणाचा असतो, आपला की मालकाचा? दोन टक्के दलाली म्हणतात ती केव्हा द्यायची? शहरातला नोंदणीवाला बरा की गावातला? आणि काका गट नंबर देत नाहीत यात काही काळंबेरं आहे, की तिकडे तशीच पद्धत आहे?

"कोकणात जमीन घेऊच नका" हा सल्ला सासरकडून मुबलक मिळालेला आहे, तो सोडून काहीही चालेल.

गडगेकर

ताई, शेवटून सुरुवात करतो. गट नंबर नाही तर टोकन नाही. लाख सोडा, हजारही नाही.

नंबर हातात आला की निम्मं काम घरबसल्या होतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. नावं बघून थांबू नका, 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा, त्याला कायद्याने हक्क असतो), सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुणाची कोर्टाची नोंद, सगळी भुतं तिथेच बसलेली असतात. मग फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी काढा, त्यावरून हे नाव इथे कसं आलं ते कळतं. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, किती तेही बघा. तुम्ही कलमं लावणार म्हणता, आणि आमच्याकडे वीस गुंठ्यांतले बारा नुसता कातळ असं सर्रास असतं.

आता रस्ता. एजंट डांबरी रस्त्याला गाडी लावतो आणि चार पावलांवर जमीन दाखवतो. ती चार पावलं कुणाची, हे कुणी विचारत नाही. गाव नकाशा काढून तुमचा गट रस्त्याला लागतो का बघा. लागत नसेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो हे खरं, पण पाय ठेवायच्या आधीच शेजाऱ्याशी वैर. माझी एजंट पारखायची रीत एवढीच: "गाडी कुणाच्या गटातून आत येणार?" असं विचारायचं. खरा माणूस नाव सांगतो, आणि तो शेजारी वाट देईल की कुरकुरेल तेही सांगतो. "त्याचं काही टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

चाकरमानी_दादर

एजंट हवाच कशाला? गावात चार दिवस राहा, देवळात जा, टपरीवर बसा, कोण विकतोय ते आपोआप कळेल.

आमच्या वाडीतली एक जमीन गेली, तेव्हाचं सांगतो. मालकाला गुंठ्याचा एक भाव सांगितलेला, घेणाऱ्याला दुसरा, मधला फरक मध्यस्थाचा. वर दोघांकडून दलाली वेगळी. खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकड्यावर दोन्ही पार्ट्या शेजारी बसल्या आणि गप्पा मारता मारता आकडे बाहेर आले. मग काय, दस्त बाजूला आणि भांडण पुढे. माझा नियम एकच: भाव मालकाच्या तोंडून ऐकायचा. एजंट मालकाची गाठ घालून देत नसेल तर विषय संपला.

मध्यस्थ_राजापूर

वरच्या दादांचं म्हणणं खोटं नाही, पण आमचीही बाजू ऐका. मी हेच काम करतो.

गट नंबर आम्ही लगेच का देत नाही? कारण नंबर दिला की माणूस रात्री मोबाइलवर सातबारा काढतो, मालकाचं नाव बघतो, गावात कुणाकडून तरी फोन नंबर मिळवतो आणि आम्हाला बाजूला ठेवून व्यवहार करतो. आम्ही उन्हातान्हात गिऱ्हाईक फिरवायचं आणि दलाली बुडवून घ्यायची! नाणार-बारसूच्या रिफायनरीच्या हवेत बाहेरचे लोक इकडे जमिनी बघत फिरत होते, तेव्हापासून तर आम्ही जास्तच सावध झालोय.

याला उपाय सोपा आहे. एका कागदावर लिहून द्या, की ही जागा अमुक यांनी दाखवली, व्यवहार झाला तर दलाली इतकी, नाही झाला तर काही नाही. खाली दोघांची सही. एवढं दिल्यावरही तुमचे काका नंबर देत नसतील, तर त्यांच्याकडे मालकाचा शब्दच नाही असं समजा. असेही असतात. जागा ऐकीव माहितीवर दाखवायची, गिऱ्हाईक तयार झालं की मग मालकाला शोधायला निघायचं.

एजंट कुणाचा, तर खरं सांगायचं म्हणजे व्यवहाराचा. सौदा झाला तरच आम्हाला पैसे. इकडे दोन्हीकडून दोन-दोन टक्के घ्यायची पद्धत आहे, तेव्हा एजंट फक्त आपल्या बाजूने भांडेल अशी आशा कुणीच ठेवू नये. आमचा उपयोग वेगळा. कुठल्या भावाचं कुणाशी पटत नाही, मुंबईतली आत्या सहीला येईल का, विहिरीवरून कधी भांडण झालंय का, हे आम्हाला माहीत असतं. हे कुठल्याच उताऱ्यावर मिळत नाही.

काळाकोट_रत्नागिरी

मी वकील आहे, जमिनीचीच कामं बघते. दोन-तीन गोष्टी.

महारेराच्या नंबरला भुलू नका. २०१६ च्या रेरा कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट, प्लॉट विकायला. २०२३ मध्ये महारेराने त्यांच्यासाठी परीक्षाही सुरू केली. पण एका शेतकऱ्याने दुसऱ्याला गट विकायचा, या व्यवहाराला रेरा लागत नाही. कार्डावरचा नंबर खरा असेलही, मात्र त्या माणसाला कुळकायदा कळतो असा त्याचा अर्थ होत नाही आणि उद्या फसगत झाली तर महारेरा या जमिनीत लक्ष घालणार नाही. उलट कुणी 'एनए (बिगरशेती) होणारच आहे' म्हणून शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉटिंग विकत असेल, तर तिथे मात्र रेरा नोंदणी आणि मंजूर ले-आउट आधी मागा.

वीस गुंठे घेताना तुकडेबंदीही तपासा. मोठ्या गटातून थोडा भाग काढून देतो म्हणाले तर जास्तच, कारण प्रमाणभूत (कायद्याने ठरवलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा दस्त अडतो.

वकील तुम्ही शोधा. एजंटने सुचवलेला नको, मग तो कितीही चांगला असो. ज्याची दलाली त्या व्यवहारावर अवलंबून आहे, अशा माणसाने आणलेला वकील 'थांबा' म्हणायला कचरतो, हे मी आमच्याच धंद्याबद्दल बोलतेय. तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च (मालकीचा तपास), स्थानिक पेपरात जाहीर नोटीस आणि सरकारी मोजणी, एवढं झाल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका. मोजणीचा अर्ज मालकाने करायचा, खर्च हवा तर तुम्ही उचला. काठीने दाखवलेली हद्द आणि मोजणीची हद्द यांत घरभर अंतर पडलेलं मी पाहिलंय.

टोकन मालकाच्या नावाने चेक किंवा ऑनलाइन. एजंटच्या खात्यात नाही आणि रोख तर नाहीच. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. हे मालकाला सांगितलं की रोखीचा आग्रह बराच कमी होतो.

माणदेशी_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. राजापूरकर दादांनी सांगितलं तसा कागद लिहून काकांकडे नेला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला, सही केली आणि गल्ल्याच्या खणातून वहीचं पान काढून गट नंबर दिला! शहरातल्या साहेबांना तोच कागद पाठवला तर "आमची कंपनी असं काही साइन करत नाही" असं उत्तर आलं. त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

आता नवीन गुंता. सातबाऱ्यावर चौदा नावं, सामाईक. त्यातले दोघं वारले असं काका सांगतात, पण नावं तशीच आहेत. इतर हक्कात 'साधे कूळ' म्हणून एक नाव आहे, त्या नावाचं आता गावात कुणीच नाही म्हणे. काका म्हणतात, "मुंबईच्या भावांचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, सह्यांचं मी बघतो." पुढे जावं का?

काळाकोट_रत्नागिरी

जावं, पण पैसे न देता. आधी मयतांची वारसनोंद मालकांनीच करून घ्यायची. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपले पूर्वीचे तलाठी. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं त्यात आली पाहिजेत. कोकणात हीच नावं 'राहून जातात' आणि नंतर दाव्यात उगवतात. हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, तोंडी 'त्यांना काही नको' चालत नाही.

कुळाचं नाव गावात कुणी नाही म्हणून आपोआप निघत नाही. ते कमी झाल्याचा तहसीलदारांचा आदेश आणि त्याचा फेरफार दाखवा म्हणावं. आदेशच नसेल, तर त्याचे वारस पनवेलला राहतात की परदेशात, हे शोधायची जबाबदारी मालकांची. उलट मालकांनाच ही जमीन कुळ म्हणून मिळाली असेल आणि कुळकायद्याच्या कलम ४३ चा (विक्रीवरच्या बंधनाचा) शेरा असेल, तर तो वेगळा विषय, तेव्हा जुने फेरफार मला नव्हे, तुमच्या वकिलांना पूर्ण दाखवा.

कुलमुखत्यारपत्र मूळ प्रत बघा: नोंदणीकृत आहे का, विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, आणि देणारा हयात आहे का. देणारा वारला की ते संपतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. शिवाय जो दलाली घेणार तोच मालकाच्या वतीने सही करणार, ही रचना मला अजिबात पसंत नाही. काका सज्जन असतील. तरी मुंबईचे भाऊ दस्ताला स्वतः येऊ देत. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हाची तारीख धरा.

माणदेशी_सून

गणपतीचं उत्तम सुचवलंत. काकांना दलाली कशी विभागून द्यायची तेवढं कुणी सांगेल का? ते म्हणतात साठेखतालाच (खरेदीखताआधीच्या करारालाच) सगळी.

मध्यस्थ_राजापूर

सगळी नाही. नोंदणीकृत साठेखत झालं की पाव द्या, खरेदीखताच्या दिवशी निम्मी, आणि उरलेली तुमचं नाव सातबाऱ्यावर लागल्यावर. शेवटच्या भागासाठी ते स्वतः मंडळ अधिकाऱ्यांकडे फेरफाराच्या मागे लागतील, तुम्हाला पुण्याहून हेलपाटे नकोत. काका कुरकुरले तर म्हणावं, राजापूरचा एकजण असंच घेतो.