डॅनिश ‘ग्योर साय क्लार’: ‘साय’ कुठे चालते?
डॅनिश भाषेत ‘तयार होणे’ याला ‘ग्योर साय क्लार’ म्हणतात; त्यातील ‘साय’ म्हणजे ‘स्वतःला’. हे ‘साय’ मी, तू, तो अशा सर्वांना चालते, असे एक मत आहे, ते दुरुस्त करावेसे वाटते. मराठीतील ‘स्वतः’ कोणत्याही पुरुषी तसेच राहते. ‘साय’ मात्र केवळ तृतीय पुरुषी येते. म्हणून ‘याय ग्योर माय क्लार’ (मी तयार होतो), ‘दू ग्योर दाय क्लार’ (तू तयार होतोस), पण ‘हान ग्योर साय क्लार’ (तो तयार होतो). लिहिताना ‘माय’, ‘दाय’, ‘साय’ या सर्वनामांच्या शेवटी ग येतो, बोलताना तो ऐकू येत नाही. खरी अडचण नकारात आहे: वर्तमानकाळात ‘याय ग्योर माय इगे क्लार’ (मी तयार होत नाही) असे नकारदर्शक ‘इगे’ ‘माय’ या सर्वनामानंतर येते, तर पूर्णकाळात ते क्रियापदाच्या कृदन्ताआधीच (‘ग्योर्ट’ या रूपाआधी), म्हणजे ‘याय हार इगे ग्योर्ट माय क्लार’ (मी तयार झालेलो नाही) असे बसते, आणि पाठ्यपुस्तकांनी हा फरक आरंभीच शिकवायला हवा.