नोटीस पाठवणं सोपं, पुढचं अवघड

टेलिग्रामवर पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या चोरट्या पीडीएफ फिरतात, त्याविरुद्ध लेखक संघटनेने सगळ्या सभासदांच्या वतीने सरसकट नोटिसा धाडाव्यात, अशी एक सूचना आहे. तिला थोडी पुस्ती. तक्रार हक्कधारकाची (ज्याच्याकडे कॉपीराइट आहे त्याची) लागते, म्हणून आधी सभासदाचा करारनामा बघा. हक्क प्रकाशकाला दिलेले असतील तर गाडी तिथेच अडते. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती 5 वर्षं धरतो, हे कित्येक लेखकांच्या गावीही नसतं! आणि नाव गाळून कविता फिरवली, तर हक्क विकलेले असले तरी त्याच कायद्याच्या कलम 57 खाली कवीला दाद मागता येते.

खरी ग्यानबाची मेख 2013च्या कॉपीराइट नियमावलीतल्या नियम 75 मध्ये आहे. लेखी तक्रारीनंतर टेलिग्रामसारख्या कंपनीने 36 तासांत मजकूर रोखायचा, पण 21 दिवसांपुरताच. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर तो परत दिसू शकतो. शिवाय दावा लावण्याची हमी तक्रारीतच लिहून द्यावी लागते. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहासाठी कोण एकटा कोर्टाची पायरी चढणार? संघटनेने वर्गणीतून वकील नेमावा तो इथे. साध्या नोटिशीचा मसुदा काय, कुणीही देईल.

टेलिग्रामवर चॅनेल चालवणाऱ्यांचा पत्ताच लागत नाही असं म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही. एका शिकवणी चालवणाऱ्या बाईंच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये कंपनीला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती. तोवर सभासदांनी एवढं करावं: दिवाळी अंकाची पीडीएफ दिसली की भांडायला जाण्याआधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्यावा. भांडलात की चॅनेल गायब होतं.