व्हिडिओ एडिटिंग: कला की नुसतं कसब?

टाइमलाइनवाला:
परवा एक ओळखीचे म्हणाले, "एडिटिंग म्हणजे नको ते कापायचं, उरलेलं जोडायचं." ते मनाला लागलं. मी माहितीपटांचं संकलन करतो. एका आजींच्या मुलाखतीत गेलेल्या मुलाचा विषय निघाला. त्या बोलल्या नाहीत, चष्मा काढून काच पुसत राहिल्या. फुटेजमध्ये ही शांतता अकरा सेकंदांची. पहिल्या कटात मी ती सगळी काढली, तर प्रसंग कोरडा झाला. पूर्ण ठेवली, तर बघणारे अवघडले. शेवटी हातांच्या क्लोजअपचा आधार घेऊन चार सेकंद ठेवली. मग त्या बोलू लागताच चेहरा सोडून रिकाम्या खुर्चीवर गेलो, आवाज मात्र त्यांचाच. हे कुठल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तीन रात्री त्यात गेल्या. याला कला नाही तर काय म्हणायचं?

लेन्सकॅप:
असहमत. मी कॅमेरा चालवतो. आजी, चष्मा, खुर्ची, सगळं आधीच टिपलेलं होतं. तुम्ही निवड केलीत, आणि ती उत्तम केलीत. पण निवड हे कसब झालं. कोऱ्या कागदावर सुरुवात करणारा तो कलावंत. शिवाय आता तयार टेम्प्लेटमध्ये क्लिप टाकल्या की तालावर कट आपोआप पडतात.

सावलीउन्ह:
टेम्प्लेटला ताल कळतो, आजी कळत नाहीत.
सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा प्रयोग आठवा. नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. लोकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. दोन्ही शॉटमध्ये नसलेली गोष्ट जोडणीतून तयार झाली. लेन्सकॅप, तुमचा कोरा कागद तो हाच.

लेन्सकॅप:
त्या प्रयोगातून बघणाऱ्याचं मन अर्थ लावतं एवढंच सिद्ध होतं. श्रेय प्रेक्षकाला द्या.

सावलीउन्ह:
वाटीनंतर शवपेटी ठेवायचं कोणाला सुचलं? प्रेक्षकाला नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ'चं फुटेज २३० तासांच्या वर होतं, आणि १९७९ साली पडद्यावर आला तो अडीच तासांहून थोडा कमी. तेवढ्या ढिगातून आणखी कितीतरी वेगळे चित्रपट निघाले असते. त्यातला हाच का, याचं उत्तर कॅमेऱ्याकडे नसतं.

मूळप्रत:
कला आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच धागाकर्त्यांना विचारते. आजी अकरा सेकंद गप्प होत्या, तुम्ही त्या चार केल्यात. कथापटात हरकत नव्हती. इथे ते एका जित्याजागत्या माणसाचं दुःख आहे. आम्ही अवघडलो असतो तर अवघडू द्यायचं होतं. त्यांनाही बोलणं अवघडच गेलं होतं ना?

लेन्सकॅप:
हा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे.

टाइमलाइनवाला:
मूळप्रत, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चार सेकंद ठेवताना मी बघणाऱ्याचा विचार केला, आजींचा केला नाही. एवढं मात्र म्हणेन की पूर्ण लांबी ठेवली म्हणजे खरं उतरलं असंही नाही. समोर कॅमेरा नसता तर त्या कदाचित मिनिटभर गप्प राहिल्या असत्या. पण अकरा सेकंदांचा कट मी घाईत मोडला हे खरं. प्रोजेक्ट अजून ठेवलाय. आज रात्री तो पुन्हा लावतो, आणि खुर्चीवर न जाता त्यांच्या चेहऱ्यावरच थांबून बघतो.