मुंबई ते लंडन: अंतर तेच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न

माझी आई जानेवारीत प्रथमच एकटी मुंबईहून लंडनला माझ्या बहिणीकडे जाणार असून एप्रिलच्या मध्यावर परतणार आहे. तिला मधुमेह असल्यामुळे प्रवासात नेमके किती तास जातील, हे आम्हाला डॉक्टरांना आधी सांगायचे आहे. तिकिटानुसार जाताना विमान दुपारी १:१५ ला सुटून तिथल्या संध्याकाळी ५:४५ ला पोहोचते. येताना रात्री ९:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबईत उतरते. साडेपाच तासांचा फरक धरला, तर जाताना १० तास आणि येताना केवळ ८ तास होतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून असे होते का?

पहिला प्रतिसाद

आपल्या हिशोबात एक छोटी चूक झाली आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, त्यामुळे एप्रिलमध्ये आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचेच अंतर उरते. म्हणजे परतीचा प्रवास ९ तासांचा आहे. डॉक्टरांना कृपया हाच आकडा सांगावा.

दुसरा प्रतिसाद

उरलेल्या एका तासाचे कारण पृथ्वीचे फिरणे हे थेट नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण वारा आहे. विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. येताना हा वारा पाठीशी असतो आणि जाताना समोरून येतो.

दोन्ही शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते ८ तासांत कापले जाईल, असे कागदावर वाटते. परंतु तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे हेही धरलेले असते. शिवाय पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची रेषा सौराष्ट्र, पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेन यांवरून जाते, आणि त्या रेषेने आज जाता येत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यामुळे एकाच मार्गावर भारतीय आणि परदेशी कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात. आपण तिकीट ज्या कंपनीचे काढले आहे, तिचीच वेळ धरावी.

तिसरा प्रतिसाद

माझ्या वडिलांना इन्सुलिन चालू आहे, म्हणून अनुभवाने सांगते. केवळ विमानातले तास मोजू नका. घरून निघणे, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर तपासणीची रांग आणि तिथून घर, असे धरले तर जाताना सहज १५-१६ तास होतात. डॉक्टरांकडून मात्रांच्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून घ्याव्यात आणि लंडनला उतरेपर्यंत आईंनी मनगटावरचे घड्याळ बदलू नये. इन्सुलिन मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण सामानकक्षातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते.