सौर प्रकल्पांची आकडेवारी क्लाउडवर न्यावी का, आणि कार्बनचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : दिग्रसवासी

आमची कंपनी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, दिग्रस व आर्णी तालुक्यांत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखालील पाच लहान प्रकल्प चालवते. शेतकऱ्यांना ओलितासाठी दिवसा वीज मिळावी, हा योजनेचा हेतू आहे. मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे सेबीच्या बीआरएसआर अहवालासाठी (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) आमच्याकडून वीजनिर्मिती, कार्बन व पाणीवापर यांचे आकडे मागितले जात आहेत. एका पुरवठादाराने मासिक भाड्यावर क्लाउड डेटा प्लॅटफॉर्म (नोंदी इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर साठवून त्यांचा हिशेब करणारी सेवा) सुचवला आहे. अडचण अशी, की प्रकल्प वावरात आहेत, मोबाइलचे नेटवर्क दिवसातून अनेकदा तुटते, आणि सध्याच्या सॉफ्टवेअरमधील महिन्याची बेरीज महावितरणसोबतच्या जॉइंट मीटर रीडिंगशी (दोघांनी मिळून घेतलेल्या मीटरच्या नोंदीशी) कधीच जुळत नाही. प्लॅटफॉर्म घेतल्याने हे सुटेल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : वणीकर

प्लॅटफॉर्म घेतल्याने बेरीज जुळणार नाही. न जुळणारी बेरीज अधिक देखण्या आलेखात दिसेल, एवढेच. आधी मीटरपाशी चला.

आपले सॉफ्टवेअर बहुधा दर मिनिटाची किलोवॅट नोंद घेऊन तिच्यावरून युनिट काढत असावे. नेटवर्क गेले की त्या काळातील नोंदी गळतात व बेरीज कमी भरते. त्याऐवजी मीटरमधील संचयी (सुरुवातीपासून साठत गेलेल्या) युनिटांचा आकडा वाचावा. तो दूरध्वनी मनोरा बंद असतानाही वाढतच राहतो, त्यामुळे दुपारी दोन तास संपर्क तुटला तरी आधीच्या व नंतरच्या आकड्यांची वजाबाकी केली की मधली वीज पूर्ण हाती येते. जागेवरचा डेटा लॉगर (मीटरच्या नोंदी टिपणारे यंत्र) नोंदी स्वतःकडे साठवून नेटवर्क आल्यावर पाठवणारा असावा. सीटी-पीटी (मीटरसाठी विद्युतप्रवाह व दाब कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर) यांच्या गुणोत्तरानुसारचा गुणक प्रत्येक मीटरसाठी तपासून घ्यावा, आणि अधिकृत मीटर उपकेंद्राच्या टोकाला असेल, तर मधल्या ११ केव्ही वाहिनीतील गळती हा फरक राहणारच, हे मान्य करून तो वेगळ्या रकान्यात दाखवावा.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक क्लाउड प्रणाली वेळ यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवतात, म्हणजे त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. सौरनिर्मिती सूर्योदयानंतरची असल्याने तिच्या दैनिक बेरजेत चूक दिसत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे लपून राहते. मात्र प्रकल्पाने मध्यरात्रीनंतर ग्रिडमधून घेतलेली वीज आदल्या तारखेत जाते, आणि १ तारखेच्या पहाटेची वीज मागच्या महिन्यात. शिवाय अर्ध्या तासाच्या फरकामुळे तासागणिक केलेल्या बेरजा आपल्या घड्याळाशी जुळत नाहीत. १५ मिनिटांचे टप्पे मात्र बरोबर बसतात. म्हणून साठवण १५ मिनिटांचीच ठेवावी.

उत्तर : अकोल्याचा डेटावाला

वणीकरांशी सहमत आहे, पण खर्चाचेही बोलू या. १५ मिनिटांचे दिवसाला ९६ टप्पे होतात, म्हणजे एका मीटरच्या वर्षाला ३५,०४० ओळी. पाच मीटरच्या मिळून पावणेदोन लाख, आणि एक्सेलच्या एका पानावर दहा लाखांहून अधिक ओळी मावतात. एवढ्यासाठी कोणी मोठ्या प्लॅटफॉर्मचे भाडे मागत असेल, तर ते देऊ नये.

क्लाउडची खरी गरज इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या यंत्रांच्या) नोंदींसाठी लागते. शंभर इन्व्हर्टरची मिनिटागणिक नोंद घेतली, तर एकाच मोजमापाचे दिवसाला १,४४,००० आकडे होतात. त्यांच्यासोबत सूर्यप्रकाशाची तीव्रता, पॅनेलचे तापमान, धुलाईची नोंदवही जोडायची असते. आमच्याकडे मे महिन्यात ऊन सर्वाधिक, तरी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की क्षमता २५ अंशांच्या मानाने साधारण १२ ते १६ टक्क्यांनी घटते, कारण दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट होते. तापमान न जोडता आलेख पाहणारा व्यवस्थापक याला धूळ समजून टँकर मागवतो, तेही पाणीटंचाईच्या दिवसांत. उलट ऑक्टोबरात शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा खरोखरच पॅनेलवर बसतो व धुलाई योग्य ठरते. शाश्वततेच्या अहवालातील पाण्याचा आकडा या एका भेदावर खूप अवलंबून आहे, आणि माझ्या मते प्लॅटफॉर्मचा सर्वांत मोठा फायदा कार्बनपेक्षा इथेच आहे.

कच्च्या नोंदी स्वस्त साठवणीत जशाच्या तशा ठेवाव्यात, दुरुस्ती वेगळ्या तक्त्यात करावी. हिशेब करणारी यंत्रणा काम नसताना आपोआप बंद होईल, असे पाहावे. बिल तिथेच फुगते. नोंदी देशातच ठेवायच्या असतील, तर मुंबई, पुणे, हैदराबाद येथे मोठ्या कंपन्यांची केंद्रे आहेत.

उत्तर : लेखापरीक्षक, अमरावती

कार्बनबाबत एक सावधगिरी. विकलेल्या सौर युनिटांमुळे टळलेले उत्सर्जन आपल्या स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करता येत नाही. ते स्वतंत्रपणे दाखवावे लागते. जनरेटर व वाहनांचे डिझेल स्कोप १ मध्ये (स्वतः जाळलेल्या इंधनाच्या थेट उत्सर्जनात) येते, लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड या हिशेबाने. रात्री ग्रिडमधून घेतलेली वीज स्कोप २ मध्ये (विकत घेतलेल्या विजेमागच्या उत्सर्जनात) येते. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र याच ग्रिडवर चालते, हे लक्षात असू द्यावे. ग्रिडचा उत्सर्जन गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. तो युनिटला साधारण ०.७ किलोच्या आसपास असला तरी दरवर्षी बदलतो, म्हणून तो सूत्रात कायमचा न लिहिता वर्ष व आवृत्तीसह तक्त्यात ठेवावा. महावितरणला विकलेल्या विजेचे हरित श्रेय (ती अपारंपरिक वीज आपली म्हणून दाखवण्याचा हक्क) कोणाकडे जाते, हे वीज खरेदी करारात पाहूनच दावा करावा. तेच श्रेय दोघांनी मोजले, तर आम्ही पहिला आक्षेप तिथेच घेतो.

दिग्रसवासी

आभारी आहे. मीटरचे गुणक व रात्रीची आयात या दोन गोष्टी येत्या रीडिंगच्या वेळीच तपासतो. पुरवठादाराशी करार करताना आणखी काय लिहून घ्यावे?

वणीकर

करार संपल्यावर सर्व कच्च्या नोंदी सीएसव्ही किंवा पार्के (Parquet) अशा कोणत्याही प्रणालीत उघडता येणाऱ्या फाइल-स्वरूपात, वेगळे शुल्क न आकारता परत मिळतील, हे कलम घालून घ्या. डेटा लॉगरचा पासवर्डही आपल्याकडे ठेवा.